मंडळात दिलेली वाकळ

बायकांच्या वाकळ मंडळात जाऊन तुम्हाला काय मिळालं, असं मला पुष्कळांनी विचारलं. काही हसून विचारतात, काही खरंच विचारतात. फायदा झाला, तोटाही झाला. दोन्ही सांगतो. मी चौथी शिकलेला, घुमवून सांगायला मला येत नाही.

बायको गेली तेव्हा दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. शेवटचं दीड वर्ष ती आजारीच होती. हात थरथरायचे, एका डोळ्यानं दिसायचं नाही. तरी खाटेवर बसून वाकळ शिवायची. लुगडी सगळी तिचीच, नेसून नेसून मऊ झालेली. आमच्याकडं वाकळ कडेनं शिवत आत येतात. चारी बाजूंनी धावता टाका घालत, चौकोनात चौकोन करत मधे पोचायचं. कडेच्या ओळी तिनं धडधाकट असताना घातलेल्या, रुळासारख्या सरळ. आजारपणात जसजशी आत आली तसे टाके वाकडे होत गेले. एक बोटभर लांब, तर पुढचा तिळाएवढा. मधे सुपाएवढी जागा राहिली आणि ती गेली.

पोरगं पुण्याला. पंधरा दिवस राहिलं, चला म्हणालं, मी गेलो नाही. सकाळ भाकरी थापण्यात निघायची. मला ती नीट जमत नव्हती, म्हणून वेळ बरा जायचा. संध्याकाळी चौकात बसायचो. दुपारचं काय करायचं ते कळत नव्हतं. काही उद्योग नाही म्हणून एकदा मी दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली.

पलीकडच्या वसाहतीत विहारामागं पत्र्याची एक खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं आठ-दहा बायका वाकळा शिवत. एकीची वाकळ मधे अंथरायची, सगळ्यांनी भोवती बसून पुरी करायची, मग पुढचीची पाळी. हे कानावर आलं आणि वाटलं, आपलीही पुरी करून घ्यावी. मला ती पांघरायची होती. घरी मी दोनदा घेऊन बसलो, पण त्या मोकळ्या जागेत माझ्यानं सुई घालवेना.

वाकळ काखोटीला मारून गेलो आणि दारात उभा राहिलो. मंडळ चालवणारी बाई वयानं माझ्याहून लहान, पण तिला सगळ्याच आक्का म्हणत. तिला वाटलं मी पत्ता विचारायला आलोय.

"कुणाकडं आलाय, पावणं?"

"तुमच्याकडंच. शिवायला."

सगळ्या हसल्या. त्यांच्यात भाजी विकणारी एक होती, ती म्हणाली, "आमच्या मालकास्नी बटण लावा म्हटलं तर सुई हरवून येत्यात. घ्या की आक्का ह्यास्नी, बाकीच्या बाप्यांस्नी दाखवायला हुतील."

मी सांगितलं, साखर कारखान्याच्या गोदामात बावीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवलीत, शिलाईची मशीन यायच्या आधी. दाभण चालवता येते तर सुई काय मोठी. आक्कानं माझी वाकळ उलगडली. मधल्या वाकड्या ओळींवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी घातलंय?"

इथं मी चुकलो. बायकोचं म्हणून तोंड उघडलं असतं तर दहा अनोळखी बायकांपुढं मला रडू आलं असतं. म्हणून म्हणालो, "मीच."

"दिसतंय की," भाजीवाली म्हणाली. परत हसल्या. मीही हसलो.

आता फायदा सांगतो. तिथं गेलं की पहिल्यांदा कोण तरी विचारायचं, "आबा, जेवलासा का?" घरी हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं. न जेवता गेलो तर डबा पुढं सरकायचा. पहिले तीन आठवडे मी आत पाऊल टाकलं की त्यांच्या गप्पा थांबायच्या. चौथ्या आठवड्यात थांबल्या नाहीत. कुणाची सासू काय बोलली, कुणाचा नवरा किती पितो, सगळं माझ्यादेखत चालू राहिलं, तेव्हा कळलं की घेतलं आपल्याला. माझा टाका फार आवळ पडायचा, कापडाला चुण्या यायच्या. भाजीवाली म्हणायची, "आबा, सैल घ्या. ह्यात साखर न्हाय, सांडणार न्हाय."

तोटेही होतेच. चौकातले म्हातारे मला आक्काबाई म्हणायला लागले. ते मी कानाआड केलं. मांडी घालून बसून गुडघे धरायचे, तेही सोसलं. खरा तोटा वेगळा. वाकळ मधे अंथरली की ती तुमची राहत नाही. दोरा कुठला, ओळी किती दाट, ते सगळ्या मिळून ठरवणार. ज्याची वस्तू आहे त्यानं गप शिवायचं. दुसऱ्यांच्या वाकळा मीही तशाच शिवत होतो, मला कधी ते डाचलं नव्हतं.

दोन महिन्यांनी माझी पाळी आली. त्याच दिवशी मला सरकारी दवाखान्यात जायचं होतं. सकाळी वाकळ आक्काकडं देऊन गेलो. रांगेतच दुपार गेली. चारच्या पुढं पोचलो तर वाकळ पुरी करून, घडी घालून ठेवलेली. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या. आक्कानं उलगडून दाखवली. कडेपासनं मधल्या टाक्यापर्यंत सगळं सरळ. शेजारी सुपात उसवलेल्या दोऱ्याचा पुंजका.

"वाकडं तेवढं सगळं उसवलं," आक्का म्हणाली. "आता कुणाम्होरं बी अंथरा, लाज वाटायची न्हाय."

भाजीवाली त्या दिवशी बाजारात बसलीच नव्हती, माझ्या वाकळेसाठी. दहा बायका सकाळपासनं वाकून बसलेल्या. चांगली झालीय म्हणालो. चहा घेतला. घरी येऊन वाकळ खाटेवर पसरली आणि बघत बसलो. कडेच्या ओळी तरी तिच्याच आहेत, हे ठाऊक होतं. पण सरळ ओळींना लागून सरळ ओळी. कुठवर तिच्या आणि कुठनं ह्यांच्या, तेच मला ओळखू येईना. गोदामात मी हजारो पोत्यांवरची शिवण बघितली, माझी कुठली आणि दुसऱ्याची कुठली ते लांबनं सांगायचो. इथं डोळा चालेना.

पुढं दोन आठवडे मी मंडळात गेलो नाही. मग आक्का घरी आली. दारातनंच म्हणाली, आजारी पडलासा का काय? वाकळ अजून खाटेवर तशीच होती, मी अंगावर घेतली नव्हती. ती बघून तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "काय चुकलं व्हय आमचं?"

तिला खोटं सांगून परत लावावं असं मनात आलं. पण एकदा खोटं बोलून काय झालं ते समोरच पसरलं होतं.

"ते वाकडं टाकं माझं न्हवतं," मी म्हणालो. "बायकोचं हुतं. आजारात घातलेलं."

आक्का खालीच बसली. म्हणाली, "पर आबा, तुम्हीच म्हणालासा की, मीच म्हणून."

"व्हय. म्हणालो."

ती रागावली नाही, माफीही मागितली नाही. मला ते बरं वाटलं. मग तिनं विचारलं, कशी होती. बायको गेल्यापासनं मला हे कुणी विचारलं नव्हतं. आलेली माणसं काय झालं विचारायची, कुठल्या दवाखान्यात होती विचारायची. कशी होती ते नाही. नेसरीकडची होती, तोंडानं फटकळ होती, जोंधळा निवडताना स्वतःशी बोलायची, असं काय काय मी सांगत गेलो. आक्का ऐकत राहिली.

मग उठून तिनं वाकळ उजेडात, दाराशी ओढली आणि मधनं कडेकडं बोट सरकवायला लागली. ही माझी ओळ, म्हणाली. ही भाजीवालीची, ती टाका तिरपा घेती. ही आपल्यातल्या धाकट्या पोरीची. असं करत कडेला चार बोटं अंतर राहिलं तिथं थांबली.

"हितनं भाईर आमच्यातल्या कुणाचा हात न्हाय."

मोजल्या तर सात ओळी निघाल्या. चारी बाजूंनी सात.

त्या बायकोनं घातल्या तेव्हा मी कारखान्यात होतो. सकाळी जायचो, दिवस बुडाल्यावर यायचो. तिचा हात कसा चालायचा ते बघितलं नाही, बघायचं असतं हेही डोक्यात आलं नाही. आत वाकड्या ओळी घातल्या तेव्हा मी घरी बसलेला. शेजारी बसून तिला सुईत दोरा ओवून द्यायचो. तिला भोक दिसायचं नाही, मलाही धड दिसायचं नाही, दोघं मिळून एका सुईला लागायचो. त्या टाक्यांतला एकही राहिला नाही.

आक्काला हे सांगितलं नाही. शुक्रवारी येतो म्हणालो, आणि गेलो. दुपारी दुसरीकडं कुठं जाणार? भाजीवाली मान वर न करता सरकली आणि बसायला जागा केली.