बिनक्लचची गाडी

त्या गाडीबद्दल मी कधी चांगलं बोलले नाही. दारात उभी राहिली की अर्धं अंगण तिचं, वाळत घातलेल्या कपड्यांवर तिचा धूर, आणि जेवायला बसलेला माणूस हातात घास धरून खिडकीबाहेर बघतोय, तेही तिच्याकडेच. सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं, असं मी शाळेतल्या दुसऱ्या बाईंना सांगायची. त्या हसायच्या. मी निम्मीच गंमत करत असे.

आमचे हे ड्रायव्हर. आमच्या बाजूला शेतीवर भागत नाही, म्हणून घरटी एक माणूस बाहेर कुठेतरी चाकाला लागलेला असतो. कुणी कल्याणला कारखान्यात, कुणी हायवेवर. हे ट्रकवर होते. डोंगरातलं गवत दाबून त्याच्या गाठी बांधतात, त्या कल्याणच्या तबेल्यांवर पोचवायच्या, येताना मिळेल तो माल आणायचा. धसईच्या बाजारचा तांदूळ आणि भाजीही भरायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, शेणवे गावाच्या पलीकडे. आमचं बरं चाललं होतं. मग एकदा टायर बदलताना जॅक निसटला आणि यांचा डावा पाय चाकाखाली आला. पाय कापावा लागला नाही, पण गुडघा कायमचा ताठ झाला. घोट्यातही जीव उरला नाही. डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरचं काय उरतं?

पुढची दोन वर्षं आठवली की अजून मला राग येतो. हा माणूस घरात बसून कोंबड्यांशी भांडायचा. पाहुणे आले की आत जाऊन झोपायचा. मी शाळेतून दमून आले की भातात खडे का, हा प्रश्न. भातात खडे नसायचे. मी म्हणायची, दुकान टाका, पिठाची गिरणी टाका. ते म्हणायचे, "गिरणी काय जाग्यावरच फिरते गो."

अशात कुणीतरी बातमी आणली की धरणाच्या कामावर आणलेल्या जुन्या परदेशी गाड्या भंगारात काढायच्या आहेत आणि त्यातल्या एका ट्रकला क्लचच नाही. गिअर आपले आपण पडतात. हे ऐकून यांनी पायात चपला घातल्या, त्या गाडी दारात येईपर्यंत काढल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. माझं सोनं गेलं, यांच्या भावाने हातभार लावला, आणि एके दिवशी बुटक्या तोंडाची, रंग उडालेली गाडी आमच्या अंगणात शिरली. हे स्वतः चालवत आले होते. उतरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "मला डावा पाय नाय, तिला डावा पेडल नाय. जमलं."

लोक तिला बिनक्लचची म्हणायचे. शहापूरच्या नाक्यावर ती थांबली की रिकामटेकडे आत डोकावून खाली पेडल मोजायचे. यांना ते आवडायचं. मला मात्र सगळ्यात जास्त काय आवडलं सांगते: भातातले खडे संपले. हा माणूस पुन्हा शिट्टी वाजवत अंघोळ करू लागला. सकाळी मला शाळेशी सोडायचा आणि पुढे गवत भरायला जायचा. गाडीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि त्यांचा तो ताठ पाय माझ्या दिशेला नुसता पसरून ठेवलेला असायचा. त्याला काही कामच नव्हतं. तरी गाडी चालायची.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि खरा ड्रायव्हर असेल तर गाडीला नवं तेल. माणसाने नवे कपडे घालावेत तसं. यांनी आदल्या दिवशी गाडीखाली गोणपाट टाकून गिअरचं तेल सोडलं. मी चहा घेऊन गेले तर डब्यात लालसर पाण्यासारखं काहीतरी पडलेलं. हे बोटांत चोळून बघत होते. "असलं पातळ तेल भरत होते तिला," मला म्हणाले, "धरणावाल्यांना काय पडलीय." आणि त्यांनी आपल्या सगळ्या ट्रकांच्या गिअरला घालतात ते नव्वद नंबरचं, मधासारखं जाड तेल आणून तिच्या पोटात ओतलं. जाड तेल म्हणजे चांगलं तेल, हे आमच्या बाजूच्या प्रत्येक ड्रायव्हरला पक्कं माहीत. शेवटी डब्याचा तळ बोटाने निपटून घेतला, मी आमटीचं पातेलं निपटते तसा. मग हात धुऊन त्यांनी तिला नमस्कार केला.

दसऱ्यात काही जाणवलं नाही. थंडी पडली आणि गाडी बिघडली.

सकाळी लिव्हर पुढे टाकला की आधी काहीच व्हायचं नाही. इंजिन चालू, हे वाट बघतायत, गाडी जागची हलत नाही. मग अचानक मागून कुणी लाथ घातल्यासारखी धाडकन पुढे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पुन्हा तसाच दणका. माझं डोकं एकदा समोरच्या काचेला लागलं. मी चिडून म्हटलं, "बैलगाडी बरी." हे समोर रस्त्याकडे बघत राहिले. पूर्वी असते तर गाडीची बाजू घेऊन माझ्याशी भांडले असते. ते गप्प बसले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हायवेवरचा मिस्त्री चांगला माणूस होता, यांचा जुना दोस्त. पण त्याने असला गिअरबॉक्स कधी उघडलेला नव्हता, आणि तसं तो सरळ म्हणालाही. "दादा, हिच्या पोटात काय हाय ते मला नाय म्हाईत. मी सांगतो ते ऐका. हा डबाच काढून टाकू. भंगारातून साधा गिअरबॉक्स आणतो, क्लच बसवतो, गाडी झकास. वीस वर्सं बघायला नको."

"आणि क्लच कोन दाबंल?" यांनी विचारलं.

मिस्त्रीने यांच्या पायाकडे बघायचं टाळलं. "पुतण्या हाय की तुमचा. त्याचं लायसन आलंय."

पुतण्या म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, पंचविशीचा, शांत, कुणालाही उलट न बोलणारा. त्याच्याविरुद्ध बोलायलाही काही नव्हतं. सगळ्यांना हे पटलं. दिराला पटलं, सासूबाईंना पटलं. गाडी चालेल, माल जाईल, घरात पैसा येईल, आणि यांनी आरामात बसावं. "आता आराम करायचा" हे वाक्य त्या आठवड्यात आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की मला त्याची शिसारी आली. आराम म्हणजे काय ते मी दोन वर्षं बघितलं होतं. पुन्हा तो कोंबड्यांशी भांडणारा माणूस मला घरात नको होता. गाडी मला कधी आवडली नव्हती, पण तिच्यात बसलेला नवरा मला हवा होता. हे मी कुणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि सासरच्या माणसांसमोर रडणं माझ्या स्वभावात नाही.

हे मात्र रोज गाडी काढत राहिले. दुपारी परत आले की म्हणायचे, "आता बरी चालते. सकालीच काय होतं तिला?" मी म्हणायची, सकाळी मलाही होतं, मी कुठे दणके देते. ते हसायचे नाहीत.

एका सकाळी मी वेणी घालायला बसले होते. आमच्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, म्हणून मी बाटली चुलीच्या कडेला ठेवली होती. हे शेकायला म्हणून चुलीशी बसले होते. मी बाटली उचलून हलवली, अर्धं वितळलं होतं, अर्धं नाही. उलटी केली तर आधी काही पडेना, आणि मग एकदम गोळा माझ्या तळहातावर पडला. मी नेहमीसारखी चरफडले. मान वर केली तर हे माझ्या हाताकडे टक लावून बघत होते.

"दे इकडे," म्हणाले. बाटली घेतली, उलटी-सुलटी केली. मग खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं हो?"

"मीच घातलं ना गो तिच्या पोटात. दसऱ्याला. ते पातळच लागत होतं तिला. जाड तेल थंडीत वाहतच नाय. म्हणून आधी काय नाय, आन मग धाडकन."

मी म्हटलं, मग काढून टाका की, पातळ घाला, एवढं काय त्यात. पण त्यांचा चेहरा उतरला होता. आपल्या हाताने, पूजा म्हणून केलेलं काम उलटल्यावर माणूस दुसऱ्या कुणावर ओरडणार? मला वाटलं, माझ्यावर तरी ओरडावं. ओरडले नाहीत.

त्या दिवशी ते बसने कल्याणला गेले आणि दुकानं पालथी घालून ते लाल तेल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी रविवार, मीही गॅरेजवर गेले. मिस्त्रीने गिअरबॉक्सचं खालचं ताट उघडलं. जाड तेल काळं होऊन उतरलं, करपलेल्या दुधासारखा वास. आतल्या जाळीवर काळ्या लोकरीसारखं काहीतरी चिकटलं होतं. मिस्त्रीने ते चिमटीत धरून उजेडात बघितलं. "हे आतल्या प्लेटींचं अस्तर हाय. त्याच इंजिनाचा जोर चाकाला देतात," तो म्हणाला. "जेवढं झिजलं तेवढं गेलं, दादा." हे म्हणाले, "धू तू." त्यांनी लाल तेल घालून, गाडी चालवून, पुन्हा सोडलं. पुन्हा घातलं. तिसऱ्या खेपेला कुठे ते लालसर बाहेर आलं.

सोमवारी सकाळी गाडी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. पहिला कधी संपला, दुसरा कधी लागला, कळलं नाही. यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या पुढच्या फळीवरून हात फिरवला. शाळेत मुलांना मी त्या दिवशी गृहपाठ दिला नाही.

असं महिनाभर चाललं असेल. मग शाळेला सुट्टी होती, म्हणून मी यांच्याबरोबर उंबरमाळीच्या बाजूला गेले. पुतण्या हमालीला होता. गवताच्या गाठी दोरांनी आवळून वरपर्यंत रचल्या आणि आम्ही खाली उतरलो. ओढ्याचा पूल ओलांडला की हायवेला लागायच्या आधी एक चढ आहे, फार मोठा नाही. यांनी पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि गाडी हळू होत होत थांबली. इंजिन ओरडतच होतं. चाकांपर्यंत काही पोचतच नव्हतं. यांनी पुन्हा प्रयत्न केला. गाडी हळूहळू मागे पुलाकडे सरकायला लागली. वरून गाठींचं वजन, मागे ओढा. यांनी ब्रेक दाबून धरला आणि पुतण्याने उडी मारून चाकांना दगड लावले.

यांनी इंजिन बंद केलं. मग ते पुतण्याला म्हणाले, "जा, मिस्त्रीला सांग, टोचन करून, ओढत ने. आन सांग, साधा गिअरबॉक्स बसव."

आणि माझा तोल गेला. "नाय बसवायचा," मी ओरडले. घरी सगळ्यांसमोर आठवडाभर गिळलेलं तिथे रस्त्यावर बाहेर पडलं. "मुंबईला न्या, कुठेही न्या, आतल्या प्लेटी आणा, माझा पगार आहे. तुमची गाडी तुम्हीच चालवायची." पुतण्या बिचारा मान खाली घालून उभा.

हे हसले. खरंच हसले. "आगो, आज तू होतीस गाडीत. मागं ओढा होता. गाडी चालली पायजे. मीच चालवली पायजे असं कुठं हाय?"

मी एक दगड उचलून चाकाला आणखी टेकवला.

साधा गिअरबॉक्स बसला. पुतण्याने पहिल्यांदा गाडी काढली त्या सकाळी यांनी स्वतः काच पुसली, आरसे त्याच्या उंचीला लावून दिले, आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. पोरगा पाया पडला. गाडी निघाली, वळणाआड गेली. मला शाळेला उशीर होत होता, आता बसने जायचं होतं. मी यांना चहाला हाक मारली. ते आले नाहीत. अंगणातच उभे होते. मी जवळ गेले तर त्यांनी हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं.

लांबून गाडीचा आवाज येत होता. "दुसरा," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने, "तिसरा." मग चढापाशी गिअर करकर वाजला. यांचा डावा हात हवेतच पुढे गेला, आणि त्याबरोबर त्यांनी डावा पाय उचलला. पाय वाकला नाही. ते कलंडले, मी त्यांना दंडाला धरलं.

"पोरगा क्लच पुरा दाबत नाय," ते म्हणाले.

गाडी हायवेला लागेपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही.