चिंचेच्या वळणावरचे दौलू जमादार

मोटार थांबवायची झाली, की दौलू जमादार शिट्टी वाजवत नसत. शिट्टी त्यांच्या गळ्यात असे, पण ती फुंकायला दम लागतो असं त्यांचं म्हणणं. ते सरळ रस्त्याच्या मधोमध येत, पाय फाकवून उभे राहत आणि मांडीवर असा शड्डू ठोकत की इंजिनाच्या धडधडीतही तो ऐकू यावा. मोटार थांबली की एक लांब सुस्कारा सोडत आणि ड्रायव्हरला म्हणत, "कशाला पळताय बाबानु? पन्हाळा काय उठून चाललाय व्हय?"

थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. मी नुकती वकिली सुरू केली होती आणि पन्हाळ्याच्या कचेरीत तारखा असल्या की बाबालालच्या सर्व्हिस मोटारीनं जात असे. रस्त्यावर मोटारी मोजक्याच. पोरं त्या बघायला धावत आणि बैल त्यांना बघून उधळत. पुढच्या बाकावर बाबालालशेजारी बसायला मिळालं की आम्हा काळ्या कोटवाल्यांना आपण संस्थानचे दिवाण झाल्यासारखं वाटे.

जमादार मूळचे शिवाजी पेठेतल्या तालमीतले. ऐन उमेदीत कुस्त्या मारल्या, मग पोलिसात गेले, आणि मला भेटले तेव्हा गुडघे गेलेला, पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळं धरलेला माणूस झाले होते. इतका दमलेला माणूस मी पाहिला नाही. सकाळी भेटले तरी दिवसभर खपून आल्यासारखे दिसत. "काय जमादार, कसं काय?" म्हटलं की एकच उत्तर यायचं, "कटाळा आलाय बघा, वकीलसाहेब. लई कटाळा आलाय." कशाचा, ते कधी सांगत नसत. मला वाटायचं, हा बोलण्याचा ढंग. काही माणसं शिंक आली तरी देवाचं नाव घेतात, तसं हे कंटाळ्याचं घेतात.

ढंग नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. पंचगंगेचा पूल ओलांडला की पलीकडच्या गावांतल्या बायका डोक्यावर दुधाच्या चरव्या घेऊन शहराकडे येताना भेटत. आमची ओळख व्हायच्या आधी चिंचेच्या वळणाशी एका मोटारीनं त्यातल्या एकीला उडवलं. मोटार थांबली नाही. जमादार त्या वाटेनं योगायोगानं येत होते. त्यांनी तिला उचललं आणि पुलाच्या दिशेनं चालू लागले. ते गुडघे घेऊन तो माणूस तिला पुलापर्यंत घेऊन आला. वाटेत ती एवढंच विचारत होती, "दूध सांडलं का वो?" जमादार म्हणाले, "न्हाय बाई, सगळं हाय." पूल यायच्या आत ती गेली.

त्यानंतर सरकारातून हुकूम निघाला. पन्हाळ्याकडून येताना वळण संपतं तिथं एक धोंडा चुन्यानं रंगवला, पुढे चिंचेशी दुसरा. पहिल्या धोंड्यापाशी एक शिपाई रुमाल घेऊन उभा राही. मोटार धोंड्याशी आली की तो रुमाल खाली करी, आणि चिंचेपाशी जमादार घड्याळाची कळ दाबत. ठरलेल्या वेळेच्या आत मोटार चिंचेला पोचली की ड्रायव्हर सापडला. जमादारांनी चिंचेच्या खोडामागे लपून बसायचं, असा फौजदारांचा हुकूम होता.

जमादार लपले नाहीत. चिंचेपुढचा तो रंगवलेला धोंडा चांगला मोठा होता, त्यावर ते लाल फेटा बांधून उघड्यावर बसत. मी एकदा विचारलं तर वैतागून म्हणाले, "तालमीत आदी हात मिळवायचा, मग धरायचं. पाठनं जाऊन धरणाऱ्याला आमच्यात काय म्हणत्यात ठावं हाय न्हवं? आन लपू कुठं? झाडामागं बसलो तर झाडाच्या दोन्ही अंगानं मीच दिसतोय."

अर्थात ते उघड्यावर बसले तरी पन्हाळ्याकडून येणाऱ्याला वळण संपेपर्यंत दिसत नसत, आणि दिसत तेव्हा पहिला धोंडा मागे गेलेला असे. म्हणून ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले. ही रीत काही त्यांनी काढली नाही. बैलगाडीवाल्यांची ती जुनी रीत. समोरून गाडी आली की पुढची वाट कशी आहे ते सांगितल्याशिवाय गाडीवान पुढे जात नसे. ओढ्याला पाणी आहे, उतारावर चाक रुतलंय, अमक्या मळ्यातला बैल मोकाट आहे. बाबालालनं मोटार धरण्यापूर्वी गाडी हाकलेली. तो पालथा पंजा खिडकीबाहेर काढून खालीवर हलवी, म्हणजे हळू, पुढे जमादार आहेत. समोरची मोटार लगेच मवाळ होई. बायका डोक्यावर चरव्या घेऊन निवांत बाजूनं चालत राहत.

जमादारांच्या हाताला मात्र कोणी लागेना. फौजदार चिडले. आणि एके दिवशी बाबालालनं हा पंजा नेमका अशा मोटारीला दाखवला, जिच्यात खुद्द फौजदार बसून पन्हाळ्याहून येत होते. बाबालालवर खटला झाला. सरकारी नोकर लपून कामगिरीवर असताना इशारा करून त्याच्या कामात अडथळा आणला, असा आरोप. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचा मोटार चालवायचा परवाना जाणार होता. त्याच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि गाडीबैल केव्हाच विकलेले.

वकीलपत्र माझ्याकडे आलं. मोटार स्टँडवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. पुढे पोलीस बसलाय हे सांगणं गुन्हा आहे का? एक म्हणे, चोराला 'पळ' म्हणण्यासारखंच आहे. दुसरा म्हणे, चोराला 'चोरी करू नको' म्हटलं तर काय गुन्हा? मला विचारत तेव्हा मी घसा खाकरून सांगे, की समोरचा कायदा मोडत असला आणि तुम्ही त्याला निसटायला मदत केली तर गोष्ट वेगळी. तो मोडतच नसला, तर तुम्ही कुणाच्या कामात अडथळा आणलात? ऐकणाऱ्यांना काही कळत नसे, आणि खरं सांगायचं तर माझाही माझ्यावर फारसा विश्वास नव्हता. सगळं जमादारांच्या साक्षीवर होतं. त्यांच्या जबानीत "झाडामागे लपून" असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खाली त्यांची सही होती.

साक्षीच्या दिवशी ते कचेरीच्या पायऱ्यांवर बसले होते. मी जवळून गेलो तशी मान वर न करताच म्हणाले, "वकीलसाहेब, मला आडवंतिडवं इचारू नगा. सरळ इचारा, सरळ सांगतो. मला घरी जाऊन पडायचं हाय."

मी सरळ विचारलं. "जमादार, तुम्ही चिंचेमागे लपला होता?"

"न्हाय."

"जबानीत तर तसं आहे."

"ती फौजदारसाहेबांनी सांगितली, कारकुनानं लिवली. सही मी केली. ती चूक माझी." सुस्कारा आला. "मी धोंड्यावर बसतो, सगळ्यास्नी दिसंल असा. आजवर कवा लपलो न्हाय."

न्यायाधीश पुढे वाकले. "लपायचा हुकूम होता ना?"

"हुता की साहेब."

फौजदार समोरच बसले होते. त्यांच्याकडे न बघता मी पुढचा प्रश्न टाकला. "बाबालालनं हात केला तेव्हा समोरची मोटार वेगात होती का?"

"वळणापल्याडचं मला काय दिसतंय? माझ्यापतोर आली तवा हळूच हुती. आन वेगात हुती म्हणावं, तर मग फौजदारसाहेबांच्याच गाडीवाल्याला धराय पायजे."

कचेरीत हसू फुटलं. जमादार हसले नाहीत. त्यांनी फेट्याच्या शेवानं मान पुसली. मी शेवटचं विचारलं, की आरोपीनं तुमच्या कामात अडथळा आणला का? न्यायाधीशांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"माझं काम काय हुतं, ते कुणीतरी मला सांगा," ते म्हणाले. "मोटारी धरायच्या असतील, तर आणला. मोटारी हळू करायच्या असतील, तर ह्यो माझ्यापरीस जास्त काम करतोय, आन सरकार त्येला पगार देत न्हाय."

बाबालाल सुटला. स्टँडवर त्याला हार घातले, मलाही एक घातला. मी तो घालून घरापर्यंत मिरवत गेलो. त्याच आठवड्यात हुकूम मोडला आणि खोट्या जबानीवर सही केली म्हणून दौलू जमादारांची नोकरी गेली. पेन्शन अगदी उंबऱ्याशी आली होती, तीही गेली. आणि खटल्याचं हसं झाल्यामुळे चिंचेवरचा पहाराही उठवला. रुमाल गेला, घड्याळ सरकारजमा झालं, धोंड्यांवरचा चुना तेवढा राहिला.

बाबालाल पेढे घेऊन त्यांच्याकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो. तो पायाला हात लावायला वाकला, तसं त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"माझं एक काम कर," जमादार म्हणाले. "हात करायचं सोडू नगंस."

"मामा, आता कुणाच्या नावानं हात करू? तुमी तर तितं न्हाईसा."

"ते त्यास्नी कुठं ठावं हाय? पुढं जमादार बसलाय म्हणून हात करत ऱ्हा. आता तर कोर्टानंच तुला सोडलाय."

बाबालालनं इमानेइतबारे हात केला. पण ड्रायव्हर लोक काय दूधखुळे होते? दोनचारदा वेग कमी करून पुढे बघितलं, तर चिंचेखाली कावळा नाही. मग त्याच्या पंज्याला उलट पंजा दाखवून, हसून, ते भरधाव निघून जायला लागले. बायका पुन्हा रस्ता सोडून चरातून चालायला लागल्या. एकदोघी पडल्या, चरव्या सांडल्या. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही.

तेव्हा दौलू जमादार स्वतः जाऊन बसू लागले. अंगात डगला नाही, गळ्यात शिट्टी नाही, हातात घड्याळ नाही. फक्त तो लाल फेटा आणि तो देह. दूधवाल्या बायका शहराकडे निघायच्या वेळेला ते धोंड्यावर हजर असत आणि त्या परत गेल्या की उठत. बाबालालचा हात आता खोटा राहिला नाही. मोटारी वळणाआधीच मवाळ होऊ लागल्या. त्यांना धरायचा जमादारांना काडीचा अधिकार नव्हता, हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. तरी त्यांच्यासमोरून जोरात जायचा धीर कोणाला झाला नाही. फौजदारांनी एकदा मला गाठून विचारलं, असं बसणं कोणत्या कलमात बसतं? म्हटलं, साहेब, झाडाखाली म्हातारा बसला तर त्याला कलम नाही. ते निमूट निघून गेले.

असं ते कितीतरी उन्हाळे-पावसाळे बसले. पावसात डोक्यावर घोंगडं असे, उन्हात फेट्याचा शेव. तब्येत ढासळत गेली. गुडघे इतके सुजत की उठताना दोन बायका त्यांना हात देत. एका तारखेला मी बाबालालला मोटार थांबवायला लावली आणि खाली उतरून त्यांना म्हटलं, "जमादार, पुरे आता. एका बाईचं ओझं किती दिवस वागवणार? तुम्ही तिला मारलं नव्हतं."

मी वकिली थाटात बोललो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं, नुसता शीण होता.

"तिला मी खोटं बोललो, वकीलसाहेब. दूध सगळं सांडलं हुतं," ते म्हणाले. मग पाय चोळत म्हणाले, "मला काय हौस हाय व्हय इथं बसायची? कटाळा आलाय. लई कटाळा आलाय. पण उठलो की मोटार येती."

मी मोटारीत जाऊन बसलो आणि बाबालालला निघायला सांगितलं. मला त्या माणसाची दया आली असं नाही, मला त्याची लाज वाटली असंही नाही. मला फक्त फार थकल्यासारखं झालं, त्याचा थकवा अंगाला लागल्यासारखं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि ते गेले. ताप छातीत उतरला होता. स्मशानात तालमीतले जुने गडी आले, बाबालाल आला, काही ड्रायव्हरही आले. फौजदारांची बदली झाली होती. कोणी भाषण केलं नाही, आणि करणार तरी काय?

त्यानंतरच्या तारखेला पन्हाळ्याहून परतताना चिंचेशी मी बाबालालला थांबायला सांगितलं. का ते मला आजही सांगता येणार नाही. उतरलो, काळ्या कोटानिशी त्या धोंड्यावर जाऊन बसलो आणि छत्री शेजारी ठेवली. शहरातून परतणाऱ्या बायका रिकाम्या चरव्या घेऊन समोरून येत होत्या.

वळणावरून एक मोटार आली. मी ताठ बसलो, ड्रायव्हरकडे रोखून पाहिलं. त्यानंही पाहिलं, भोंगा वाजवला आणि वेग तसूभर कमी न करता निघून गेला. बायका भराभर चरात उतरल्या. धूळ खाली बसल्यावर त्यातली एक म्हातारी वर चढून आली, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा, पावणं," ती म्हणाली. "तुमास्नी कोण भितंय?"

मी उठलो.