मोकळी ओळ

"थांबा ताई, बोट फिरवू द्या मले," म्हणत आमच्या ऑफिसातले काका माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवायचे आणि वरून खाली आणायचे. पडद्यावर तेलकट रेघ उमटायची आणि माझ्या कपाळावर आठी. रोज पुटपुटत पुसायचे मी. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

अकोल्याची एक संस्था बारावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा घेते. अर्ज भरलेल्यांच्या नावांची एक्सएमएल फाइल आमच्या अमरावतीच्या ऑफिसातून जायची. तिकडचं मशीन ती वाचून हॉल तिकिटं काढायचं. फाइल तपासायचे काका.

नवी होते तेव्हा फाइल देखणी दिसावी म्हणून मी सगळीकडे ओळी तोडल्या. काकांचं बोट एका मुलीच्या नावाशी थांबलं. नावाच्या पोटातच मी एंटर घुसवला होता. मशीन ती जागाही नावातच धरतं, मग नाव जुळत नाही आणि पोरगी परीक्षेला मुकते. "दोन नावाइच्या मधात कितीबी मोकळं सोडा, मशीन काई म्हनत नाई. नावाच्या आत नाई सोडाचं," ते म्हणाले. तेव्हापासून मी रेघ गुमान पुसू लागले.

स्वतः मात्र दरवर्षी ते दोन नावांमध्ये एक ओळ रिकामी सोडायचे. एकच. मला वाटलं, वयाची खोड. एका वर्षी मी फाइल बनवणारा प्रोग्रामच बदलला. फाइल अथपासून इतिपर्यंत सलग, कुठेही ओळ तुटणार नाही. मोठा तीर मारल्यासारखी काकांना दाखवायला गेले.

त्यांचं बोट बराच वेळ शोधत राहिलं.

"माह्या पोरीची जागा कुठं गेली, ताई?"

तेव्हा कळलं. त्यांची मुलगी याच परीक्षेचा अर्ज भरून, परीक्षेआधीच तापाने गेली होती. आडनावांच्या क्रमाने तिचं नाव जिथे आलं असतं, तिथे ते ओळ मोकळी ठेवायचे. अक्षय तृतीयेला आपण पितरांचं पान वाढून ठेवतो ना, तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाइल तर त्यांना दाखवण्याआधीच मी उत्साहात पाठवून बसले होते. पुढच्या साली नक्की ठेवते, असा शब्द दिला मी. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या साली काकाच नव्हते. उन्हाळ्यात झोपेतच गेले. आणि मी करंटी, शब्द विसरले. प्रोग्राम तसाच राहिला.

भर दुपारी फाइल तयार झाली. सगळी सलग, फक्त एका ठिकाणी तुटलेली. तिथे दोन ओळी मोकळ्या. मी त्या खोडल्या, प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा दोन. प्रोग्राममध्ये ओळ तोडणारं काहीच नव्हतं. मग मागचं-पुढचं आडनाव वाचलं आणि सर्रकन काटा आला. काकांच्याच आडनावाची जागा होती ती. पडदा मी सकाळीच पुसला होता, तरी एक तेलकट रेघ वरून येऊन तिथवर थांबली होती.

बोट टेकवून मी पाहिलं. दोन्ही ओळी नावांच्या मधात होत्या, कुणाच्या नावाच्या आत नव्हत्या. कुठल्याच पोरीची परीक्षा बुडणार नव्हती.

फाइल तशीच अकोल्याला पाठवली. पडदा पुसायला घेतलेलं फडकं परत ठेवून दिलं.