बयाबाईनं घेतलेलं नाव

"कुनीतरी येकदा मला इचारावं," मत द्यायला निघताना परंदवडीची बयाबाई म्हणाली होती.

माहेरची भातखाचरं लोणावळ्याजवळच्या धरणात गेली तेव्हा ती परकरातली पोर होती. बापाला कुणी विचारलं नाही. पुढं लग्न झालं, पहिलं महायुद्ध आलं, भरतीवाले आले. नवरा इराकात बसऱ्याला लढायला गेला तो तिकडंच राहिला. तेव्हाही तिला कुणी विचारलं नाही. सरकारचा कागद आला, मागून पेन्शन. आणि वीस वर्षांनी, शिपायाची पेन्शनवाली विधवा म्हणून, तिला मताचा हक्क मिळाला. निम्म्याहून जास्त गावाला तो नव्हता.

शिकलेली माणसं हल्ली म्हणतात, लोकशाही धोक्यात आली. मावळात ती पहिल्यांदा आली तीच अशी आली.

१९३७चा फेब्रुवारी. बयाबाई अडीच कोस चालून वडगावच्या शाळेत पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. टेबलामागं पुण्याचा कारकून, शेजारी ओळख पटवायला गावचे दत्तोबा पाटील. यादीत तिचं नाव नव्हतंच. अमक्याची विधवा, एवढंच.

"नवऱ्याचं नाव सांगा."

नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, म्हणून ते तिनं कधी घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही घेतलं नाही. त्याचं दुसरं काही तिच्यापाशी उरलंच नव्हतं.

"आबा, तुमी सांगा की," ती पाटलांना म्हणाली.

"म्या कशाला? मत तुजं हाय न्हवं?" पाटील म्हणाले.

"मावशी, उखान्यात घ्या!" रांगेतून हौशीराम खिदळला. "लग्नात घेतला आसंल की!"

लग्नातही तिनं तो लाजून गिळला होता. रांग हसत होती.

"बाई, नाव नाही तर मत नाही," कारकून म्हणाला.

तिनं पदर कपाळावर ओढला.

"महिपती," ती पुटपुटली. मग मोठ्यानं, "महिपती रखमाजी. बसऱ्याला गेले."

हसणं थांबलं. तिच्याच तोंडचं ते नाव तिला परक्या माणसाचं वाटलं.

कारकुनाचं बोट यादीवरून खाली गेलं नि थांबलं. "इथं रेघ आहे. हे मत सकाळीच पडलंय. एक बाई येऊन हेच नाव घडाघडा सांगून गेली."

"कोन बाई?"

कारकुनानं पाटलांकडं पाहिलं. "ओळख यांनीच पटवली."

पाटील पानाला चुना लावत होते. "आगं, तुला हेलपाटा कशाला, म्हून आमच्या सुनंनं दिलं. रतननं. पेटीत पडल्याव कुनाचं कुनी टाकलं, काय कळतंय?"

रतनबाईला ते नाव घ्यायला काही अडलं नसणार. महिपती तिचा कुणी नव्हता.

"चला, पुढचे," कारकून म्हणाला.

बयाबाईनं मतपेटीकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं नाही. हौशीरामानं आपणहून वाट दिली. ती रांगेच्या कडेनं दाराशी गेली, वहाणा पायांत घातल्या आणि उन्हात निघून गेली.