स्तोइल काकांचा काळा पडदा

डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करणाऱ्या स्तोइल काकांची नजर हिवाळ्यापासून अधू होत चालली होती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती, म्हणून त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. संगणकावर पंपांच्या वेळांची फाइल उघडली की ती लिहायच्या एडिटरची वेगळी खिडकी यायची आणि तिच्या फिक्या रंगांत माउसचा बाण त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी सेटिंगमध्ये एक ओळ घातली. तेव्हापासून एडिटर थेट टर्मिनलच्या निव्वळ अक्षरांच्या पडद्यातच उघडू लागला: काळा पडदा, मोठी ठळक पांढरी अक्षरं आणि सगळं काम माउसविना, कीबोर्डवर.

"काका, केवढी ही अक्षरं! बसवरची पाटी आहे का?" शेजारच्या टेबलावरची मिलेना चिडवायची.

"तुम्हा पोरींना चित्रं लागतात. मला अक्षरं पुरतात."

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या इस्पितळाला दोन तास पाणी आलं नाही. मिलेना काकांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तिसरी ओळ वाचा, काका."

"तिसरा पंप, सकाळी सहा." वीस वर्षं पाठ असलेली ओळ त्यांनी घडाघडा म्हटली.

"तिथे आठ आहे. शुक्रवारी ही फाइल तुम्हीच लिहिलीत."

काका वाकले. नाक काचेला टेकलं, तरी आकडा ओळखू येईना.

"मी नाही सांगणार कुणाला," मिलेना पुटपुटली.

"आधी तिथे सहा कर," म्हणत काका खुर्चीवरून उठले. "साहेबांना मीच सांगतो. जिन्यापर्यंत जरा हात दे, पोरी."