अडलेली पुंगळी

आमच्या अप्पांची रायफल आयुध पूजेनंतर आजारी पडली. मी गुरांची डॉक्टर. इकडे दक्षिणेत, ओरत्तनाडूच्या सरकारी दवाखान्यात दिवसभर गायी-शेळ्यांच्या मागल्या बाजूला उभी असते. त्यामुळे घरात मिक्सर अडो की पाण्याची मोटर, ते दुखणं माझ्याच गळ्यात येतं. हिला मुक्या रोग्यांची सवय आहे, असा आमच्या घरचा हिशोब.

रायफल साधी आहे, पॉइंट टू-टूची. एक गोळी झाडायची, बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर उडते. बोल्ट पुढे ढकलायचा, की खालच्या पाच गोळ्यांच्या मॅगझिनमधली पुढची गोळी आत जाते. अप्पा कालव्यांच्या खात्यात नोकरीला होते तेव्हापासून ती त्यांच्याकडे आहे. तिनं कधी चिमणीसुद्धा मारलेली नाही. दर रविवारी सकाळी वल्लमच्या रस्त्याला, आमच्या रायफल क्लबच्या माळावर जायचं, कागदाला भोकं पाडायची आणि येताना वाटेत कॉफी प्यायची, एवढंच तिचं शौर्य. अप्पा ऐंशीला टेकलेत. निवृत्तीनंतर एकेक करून त्यांनी सगळं सोडलं. आधी स्कूटर सोडली, मग संध्याकाळचं देऊळ, मग राजवाड्याकडल्या मित्रांचा कट्टा, कारण कट्ट्यावर आता मित्रच उरले नाहीत. रविवार तेवढा राहिला होता.

आणि आता पुंगळी अडायला लागली. कधी बाहेर न पडता बोल्टसमोर आडवी लोळायची, कधी पुढची गोळी आत जायचीच नाही, कधी दोघी एकमेकींना धरून बसायच्या. अप्पांनी महिनाभर हे कुणाला सांगितलं नाही. मग एका रविवारी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जाहीर केलं.

"पोंगलाअगोदरच्या मॅचला पण ती अशीच अडली, तर मी ती पोलिसांत जमा करून टाकतों. परवाना नवा करायचा नाहीं. अस्कं पुरे झालं."

अम्मा आतून म्हणाली, "जमा करून रविवारीं काय कराल? माझ्या डोस्क्यावर बसाल?"

"उगें बसतों," अप्पा म्हणाले.

उगे बसणाऱ्या म्हाताऱ्यांचं पुढे काय होतं ते मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. मला भीती वाटली. म्हणून मी रायफल मांडीवर घेतली.

पहिलं निदान दोन मिनिटांत झालं, आणि त्यातून घरात भांडण. मॅगझिन काढून उलटं केलं, तर आतून पिवळी भुकटी पडली. चंदन! आमच्याकडे नवरात्रातल्या नवमीला घरातल्या यच्चयावत हत्यारांना गंध लागतं. विळी, इस्त्री, स्कूटर, माझा स्टेथोस्कोप, आणि अर्थात रायफल. ओलं चंदन, वर कुंकू. गंध लावायचं काम अम्माचं, आणि ती हात आखडून काही करत नाही.

"रायफलीला कुठं लावलीस गंध?" मी विचारलं.

"ती जेवत्ये तिथं," अम्मा म्हणाली. "तोंडालाच नको काय लावायला?"

म्हणजे बाईनं थेट गोळी आत जाते त्या खिडकीत बोट घातलं होतं! वर समईतलं तिळाचं तेल पुसून चकाकी आणली होती. मी अप्पांकडे पाहिलं. रोज रायफल पुसणारा माणूस, त्यानं हे होऊ दिलं?

"पूजा आहे ती," अप्पा म्हणाले. "पूजेला कोण नको म्हणतं?"

तर चंदनाची धूळ, तिळाच्या तेलाचा चिकटा, आणि त्यावर ह्या गोळ्यांच्या अंगाला मुळातच असतं ते मेण. आमच्या हवेत ते मेण वितळतं आणि दिसेल ते धरून ठेवतं. सगळं मिळून खिडकीत छान पिठलं झालं होतं. मी मॅगझिन उघडून धुतलं, स्प्रिंग पुसून वाळवली, गोळी धरून ठेवणारे त्याचे वरचे दोन्ही ओठ वाकलेले नाहीत ना ते पाहिलं. बोल्टच्या तोंडाशी एक छोटा आकडा असतो. तो पुंगळीच्या बुडाची कड पकडून तिला मागे ओढतो. त्याच्या खाली कुंकू जाऊन दगड झालं होतं, ते सुईनं उकरलं. गोळी बसते ती जागा ब्रशनं घासून काढली. अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि मी सुई कशी धरावी ते मला सांगत होते. तीस वर्षं मी सुया टोचते आहे.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर माळावर गेले. परवान्यावर माझंही नाव आहे. अप्पांनीच घातलं होतं, पण मी क्वचितच जाते. आधी मी पाच झाडल्या. पाचही पुंगळ्या टणाटण उडाल्या, एक तर माझ्याच चपलेत येऊन पडली. मी विजयी मुद्रेनं रायफल अप्पांना दिली. त्यांची दुसरीच पुंगळी अडली.

"पाहिलीस?" अप्पा म्हणाले. त्यांना जरा आनंदही झालासा वाटला. "तुला भित्ये ती."

मग मी दुसऱ्या बनावटीच्या गोळ्या भरल्या. भरताना नीट पाहिलं, कारण ह्या गोळ्यांच्या बुडाला कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली तर दोघी एकमेकींत अडकतात. सगळ्या नीट भरल्या. मी झाडल्या, ठीक. अप्पांनी झाडल्या, अडली. दुसरं मॅगझिन लावलं, तरी तेच.

लंगडी गाय आली की आमच्याकडचा नवा डॉक्टर आधी खूर उचलून बघतो. मी त्याला ओरडते, अरे, आधी तिला चालव, चाल बघ. आणि मी स्वतः काय करत होते? आठवडाभर खूर उचलून बसले होते.

अप्पांनी पुढची गोळी झाडली तेव्हा मी रायफलीकडे पाहिलंच नाही, त्यांच्या कोपराकडे पाहिलं. बोल्ट मागे आला, आणि शेवटची दोन बोटं जागा उरली असताना थांबला. तिथून मागे अप्पांचा खांदा जात नव्हता. त्यांचे ओठ किंचित आवळले गेले, आणि हात पुढे आला. बास. पुंगळीला धक्का देऊन बाहेर उडवणारा दात अगदी मागे असतो. बोल्ट पुरता मागे गेला, तरच पुंगळी त्याच्यावर आपटते आणि उडते. पुढची गोळी उचलायलाही तो तेवढाच मागे जावा लागतो. रायफल ठणठणीत होती.

येताना कॉफी प्यायलो. अप्पा आकड्याविषयी, स्प्रिंगविषयी आणि हल्लीच्या गोळ्यांच्या दर्जाविषयी बोलत राहिले, आणि मी हो हो करत राहिले. डॉक्टरनं रोग्याला रोग सांगायचा असतो. पण गायीला काही मी कधी सांगितलेलं नाही, आणि वडलांना कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात अम्माला सांगितलं. ती वांग्यात पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची पूड, भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"खांदा ना? दिवाळीपासून आहे," ती म्हणाली. "बोटांत पण बळ नाहीं."

"तू बोलली नाहीस ते?"

तिनं फळीवरच्या बाटल्या-बरण्यांकडे बोट केलं. "ते नारत्तंगाईचं लोणचं आहे ना, उघड."

झाकणाला बोट लावलं आणि ते फिरलं. नुसतं ठेवलेलं होतं. शेजारची पोडीची बाटली, तुपाची बरणी, सगळ्यांची तीच गत.

"जेवायला बसले की स्वतः उघडतात," अम्मा म्हणाली. "रोज. त्यांना वाटतं, उघडलं. मी अगोदर सैल करून ठेवत्यें. सांगून काय करूं? सांगटलं तर लोणचं पण सोडतील."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटायचं, रोगाची पारख मी कॉलेजात शिकले. आणि आमच्या घरात ही बाई गंधाचं बोट रायफलीत घालते म्हणून मी तिला हसत होते.

"रायफलीचं झाकण कसं सैल करायचं, अम्मा?"

"ते तूं पाह. तूं डॉक्टर."

मग मी पाहिलं. बोल्ट पुरता काढून रॉकेलमध्ये धुतला, जुनं घट्ट ग्रीस खरवडलं, आणि हलक्या तेलाचा एक थेंब बोटानं चोळला. आता तो करंगळीनंही सरकत होता. पण खांद्याला तेल घालता येत नाही. खांद्याचं एकच औषध होतं. गोळी झाडल्यावर रायफल खांद्यावरून खाली घ्यायची, टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवायची, आणि कोपर कुशीला लावून, सगळं अंग मागे नेत बोल्ट ओढायचा. हे सांगायचं कसं, ते मी दोन दिवस घोळवत होते.

"अप्पा," मी शेवटी म्हणाले, "दुखणं सापडलं. तिचा आकडा झिजलाय. नवा मिळायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक गोळीनंतर तिला खांद्यावरून उतरवायचं, आणि अंगासकट मागं ओढायचं. तिला तेवढं सांभाळून घ्यायला लागेल."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं असं मला वाटलं. मी गायीचं तापमान बघताना करते तसा चेहरा केला, म्हणजे कसलाच नाही.

"होंव," ते म्हणाले. "तिचं पण वय झालं."

पोंगलाआधीच्या रविवारी माळावर थंडी होती, आमच्याकडे पडते तेवढी, म्हणजे स्वेटर घालून घाम येईल एवढी. ज्येष्ठांच्या मॅचला दहा गोळ्या असतात, टेबलाशी बसून. शेजारचे आजोबा धाडधाड संपवून चहाला गेले. अप्पा झाडायचे, रायफल उतरवायचे, टेकवायचे, पाठीमागे रेलत ओढायचे. टण. पुन्हा. टण. मी मागे उभी राहून नेमाकडे लक्ष देतच नव्हते, फक्त पुंगळ्या मोजत होते. मॅगझिन बदललं तोवर पाच झाल्या होत्या. आठवी जरा रेंगाळली, मग उडाली. दहावी उडाली आणि मी एवढ्यानं हुश्श केलं की पंचांनी वळून पाहिलं. अप्पांचा नंबर पहिल्या पाचातही नव्हता. त्यांनी वाकून सगळ्या पुंगळ्या गोळा केल्या आणि खिशात घातल्या.

घरी जेवायला बसलो. सांबार, वांगं, आणि ते लोणचं. अप्पांनी दहाही पुंगळ्या ताटाशेजारी उभ्या करून ठेवल्या. अम्मानं लोणच्याची बरणी पुढे सरकवली, तसा त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि ती परत अम्माकडे ढकलली.

"आज झाकण घट्ट लावून दे."

अम्माच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिनं डाव खाली ठेवला, बरणी घेतली, झाकण फिरवलं आणि परत दिली. अप्पांनी बरणी पोटाशी धरली. ओठ आवळले, माळावर आवळायचे तसेच. मान लाल झाली. झाकण हललं नाही. त्यांनी दम घेतला, पुन्हा पिळलं. आम्ही दोघी सांबाराकडे पाहत होतो.

मग अप्पा हसले, आणि बरणी माझ्याकडे दिली.

"ह्याचा पण आकडा झिजलाय," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि ते मी लोणच्यावर ढकललं, जे अजून उघडलंही नव्हतं.

"रायफल जमा करत नाहीं," अप्पा मला म्हणाले. "पुढल्या रविवारापासून नेम माझा, बोल्ट तुझा. होईल ना मा?"

"होईल," मी म्हणाले, आणि झाकण पिळलं. मलाही दोनदा जोर लावायला लागला. अम्मानं खरंच घट्ट लावलं होतं.