लाल अक्षरांखालचं मशीन

माझ्या भावावर पेपरात छापून आलं. अर्धं पान, फोटोसकट. वर ठळक अक्षरांत ‘अक्षरांचा जादूगार’, आणि खाली त्याचं गुणगान: मन किती मोठं, कामगार बायकांसाठी भिंती कशा रंगवल्या, वर्ग कसा काढला. शेवटी एक ओळ होती, की बोर्ड रंगवताना हा कलावंत प्रत्येक शब्द मोठ्याने वाचतो, ही त्याची गोड लहर. ती ओळ वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहर म्हणे! मला विचारायला कोणी आलं नाही. म्हणून मीच लिहायला बसलेय, डाव्या हाताने. वेळ लागेल तेवढा लागू दे.

तो जादूगार वगैरे काही नाही, पेंटर आहे. सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणते, मी दादा म्हणते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, उंच, वाकून चालणारा, नखांत कायम रंग. चहा गरम आहे का ते बोट बुडवून बघतो आणि मग चहाला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून आमच्यावर डाफरतो.

आम्ही दोघंच भावंडं. शाळेची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, एकच जाईल. एक म्हणजे कोण, हे विचारायची गरज घरात कोणालाच वाटली नाही. दादा सातवीपर्यंत शिकला आणि मग एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली लागला. मी घरी. आई म्हणायची, “तुला काय करायचंय शिकून? घरात एकाला वाचता आलं की झालं.” एकजण जेवला की बाकीच्यांचं पोट भरतं का, असं तिला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तेवढी अक्कल यायला मला फार वर्षं लागली.

दादाने स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा त्याच्या मदतीला मी. खडू लावलेल्या दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. दोरी ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. तो अक्षरांच्या कडा काढायचा आणि आत रंग मी भरायची. माझा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता, हे तोही कबूल करतो. कुठल्या अक्षराचं पोट सुटलंय, कुठल्याचा दांडा जाड झालाय, कुठलं शेजारच्याला खेटलंय, सगळं मला लांबून कळायचं. काय लिहिलंय तेवढं मात्र कळायचं नाही. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

एकदा डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीचं काम आलं. भलामोठा पत्रा, पांढरा रंग, त्यावर लाल अक्षरं. दोन दुपारी मी तो लाल भरत होते आणि दादा शेजारी बसून गाणं गुणगुणत होता. बोर्ड फार देखणा झाला. पुढे महिनाभराने त्याच कंपनीत बायकांची भरती निघाली आणि मी कामाला लागले. आत ओळीने सहा प्रेस मशीन, पत्रा दाबून झाकणं काढणारी. तिसऱ्याच्या डोक्यावर आमचा बोर्ड! मी सुपरवायझरला म्हटलं, “मला ते तिसरं द्या.”

“का? त्याला काय सोनं लागलंय?”

“तो बोर्ड आमचा आहे.”

तो हसला आणि दिलं. दोन वर्षं मी त्या बोर्डाखाली बसले. नवीन बाई आली की तिला वर दाखवून सांगायची, तो लाल रंग आहे ना, तो मी भरलाय.

एका सकाळी झाकण अडकलं आणि मशीन थांबलं. म्हणजे थांबलं असं मला वाटलं. मी हात घालून झाकण ओढलं. उजव्या हाताची तीन बोटं तिथेच राहिली.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मॅनेजर आला. बगलेत फाइल, चेहरा कोणाच्या तरी मयताला आल्यासारखा. दादा माझ्या पायाशी उभा होता.

“वाईट झालं, बाई,” मॅनेजर म्हणाला. “पण कंपनीने बोर्ड लावलेला आहे. स्पष्ट लिहिलंय. झाकण अडकल्यास आधी बटण बंद करा. मशीन थांबलेले दिसले तरी हात आत घालू नका. एवढं लिहूनही तुम्ही हात घातलात, त्याला आम्ही काय करणार? रंगवलाय तर तुमच्याच भावाने. विचारा त्याला.”

मी दादाकडे बघितलं. “कुठला बोर्ड, दादा?”

तो फरशीकडे बघत होता. “आपला,” म्हणाला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो पाटी घेऊन माझ्यासमोर बसला. “छोटे, रोज एक अक्षर शिकू या. डाव्या हाताने जमेल तुला.”

“आता?” मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारीण दारात आली. “आता शिकवतोस? बोटं होती तेव्हा काय झोपला होतास?” पाटी मी भिंतीवर फेकली. तिचा कोपरा उडाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

कारखान्यांची तपासणी करणारा सरकारी साहेब महिन्याभरात येणार होता. कंपनीने कागद तयारच ठेवला होता: कामगाराचा निष्काळजीपणा. साहेबाने त्यावर सही केली की मी दोषी आणि मशीन निर्दोष. मशीनला काही करायची गरज नाही, कारण चूक माझी. आणि माझ्या जागेवर त्यांनी आठव्या दिवशी दुसरी बसवलीसुद्धा. वीस वर्षांची, काडीसारखी. सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. तिलाही वाचता येत नव्हतं. तीही त्याच देखण्या बोर्डाखाली बसून झाकणं काढत होती. त्या कागदावर माझं नाव लागलं असतं, बोटं तिची गेली असती.

तेवढ्यात मॅनेजरने दादाला बोलावलं. “साहेब यायच्या आत तो बोर्ड नवा करून दे. अक्षरं जरा ठळक हवीत. आणि साहेबांनी विचारलं तर सांग, मीच रंगवला, दोन वर्षांपासून आहे. खरंच आहे ना ते? मग वर्षभर कंपनीचं सगळं काम तुलाच.”

दादा ‘हो’ म्हणून आला. मला आईकडून कळलं. मी आईला त्याच्या देखत म्हटलं, “विकला गेला बघ तुझा सातवी शिकलेला.”  जुना बोर्ड त्याने घरी आणला, तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि नवा पत्रा घेऊन बाहेरच्या खोलीत बसला. कडाही त्यानेच काढल्या, रंगही त्यानेच भरला. लाल दोन ठिकाणी बाहेर आला होता. मला लांबूनच दिसलं आणि बरं वाटलं.

त्याने बोर्ड नेऊन लावला. मॅनेजर खालून म्हणाला, “वा, झकास!” नऊ दिवस तो बोर्ड तिथे होता.

दहाव्या दिवशी साहेब आला. बारीक अंगाचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मलाही बोलावलं होतं. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून मी मशीनजवळ उभी राहिले. दादा दाराशी. मॅनेजरने बोर्डाकडे पाठ केली, खांद्यावरून बोट मागे दाखवलं आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसा सुरू झाला, “बघा साहेब, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. झाकण अडकल्यास आधी बटण बंद करा. मशीन थांबलेले दिसले तरी...”

साहेबाने चष्मा डोळ्यांवर चढवला. वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

“पुन्हा वाचा,” तो म्हणाला. “आता वळून वाचा.”

मॅनेजर वळला आणि पहिल्याच शब्दाला अडला. साहेबाने स्वतःच मोठ्याने वाचलं:

“इथे काम करणाऱ्या एकीलाही हा बोर्ड वाचता येत नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी तो वाचलेला नाही.”

सहाही मशीन बंद होती, त्यामुळे शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. साहेबाने चिमणीला विचारलं, “बाई, वर काय लिहिलंय असं तुम्हाला वाटत होतं?”

“कंपनीचं नाव असेल, साहेब.”

मॅनेजर दादाच्या अंगावर धावला. “फसवणूक आहे ही! हरामखोरा, पोलिसांत देईन!”

दादा दारातून पुढे आला. “द्या. नऊ दिवस तुमच्या डोक्यावर टांगला होता, मॅनेजरसाहेब. रोज त्याच्याखालून गेलात. वाचता येत असून तुम्ही वाचला नाहीत, आणि वाचता येत नाही म्हणून दोषी माझी बहीण?” मग तो साहेबाकडे वळला. “जुना बोर्डही मीच रंगवला. दोन वर्षं होता, ते खरं आहे. माझी बहीण खाली बसते हे मला माहीत होतं, आणि तिला वाचता येत नाही हेही. माझंही नाव लिहा त्या कागदावर.”

साहेबाने ते लिहिलं नाही. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ मात्र खोडला आणि लिहिलं, की धोक्याची माहिती कोणालाही तोंडी दिलेली नाही. सहाही मशीनला जाळी बसली. दोन महिन्यांत बसली म्हणजे दोन वर्षांपूर्वीही बसली असती, हे काय सांगायला हवं? दादाचं त्या कंपनीचं काम कायमचं गेलं, आणि मॅनेजरच्या ओळखीच्या आणखी दोन कंपन्यांचंही.

रिकामा झाला तसा तो कंपनीच्या फाटकासमोरच्या भंगारवाल्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. सकाळी बायका आत सोडण्याची वाट बघत तिथेच थांबतात. त्याने तिथे माणसाएवढा मोठा हात रंगवला आणि शेजारी एक अक्षर. दुसऱ्या दिवशी दुसरं. कंपनीने भिंतीवर चुना फासला, त्याने चुन्यावर रंगवलं. आधी बायकांनी नाकं मुरडली, मग चिमणीने विचारलं, हे कालचंच आहे का उलटं काढलेलं? तिथून वर्ग सुरू झाला, गल्लीतल्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, अकरा बायकांचा.

मी अजून त्याच्याशी बोलत नव्हते, तरी सहा महिने त्या वर्गात मागे बसून त्याच्या भिंतीसाठी डाव्या हाताने रंग कालवत होते. शिकणार नाही, हा माझा हट्ट. पण कान काही बंद करता येत नाहीत. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी तो जुना बोर्ड सरळ केला, समोर बसले आणि डावं बोट ठेवून वाचायला लागले. झा. क. ण. जोडाक्षरापाशी अडले, मागे गेले, पुन्हा आले. सगळा वाचून झाला तेव्हा दादा दारात उभा होता.

“दोन दुपारी मी हेच भरत होते,” मी म्हटलं. “तू शेजारी बसून गाणं म्हणत होतास. मला शिकवायचंसुद्धा नव्हतं रे. गाण्याच्या ऐवजी हे एकदा मोठ्याने वाचलं असतंस, तरी माझी बोटं राहिली असती.”

तो खाली बसला. “माझ्या डोक्यातच आलं नाही, छोटे.”

मला माहीत आहे, तो खरं बोलत होता. खोटं बोलला असता तर माफ करायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड होता. दोरी धरायला मी गेले. दादाने पहिला शब्द काढला, थांबला, आणि भर रस्त्यात घसा साफ करून वाचला, “केस.” मग दुसरा काढला. “कापून.” न्हावी हसला. येणारे-जाणारे अजूनही हसतात. पेपरवाले त्याला लहर म्हणतात. दोरीचं दुसरं टोक मी धरलेलं असतं आणि तो माझ्याकडे न बघता वाचत जातो. मला आता वाचता येतं हे त्याला माहीत आहे. तरी तो वाचतो, आणि मी त्याला बस म्हणत नाही.